कौतुकाची बातमी कुणी तपासलीच नाही

हे प्रकरण आमच्याच बातम्यांच्या साइटच्या डेस्कवरचं आहे. त्या संध्याकाळी शिफ्ट माझ्याकडे होती आणि बातमी मीच पास केली होती. ज्यांच्याबद्दल ती होती त्यांना विचारूनच हे लिहीत आहे. ‘लिहा, पण नाव-गाव नको,’ एवढीच त्यांची अट होती. म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चुका जशा झाल्या तशाच मांडल्या आहेत.

पार्श्वभूमी

एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात पन्नाशीच्या एक बाई काम करतात. पुस्तक घ्यायचं, तारीखपट्टीवर शिक्का मारायचा, पुस्तक वाचकाच्या हातात द्यायचं, असं ते काम. शिक्का मारता मारता त्या प्रत्येकाला एखादं वाक्य बोलतात. एका विद्यार्थ्याने ते मोबाइलवर टिपलं. क्लिप जेमतेम अर्ध्या मिनिटाची. एका मुलीला पुस्तक देताना त्या म्हणतात, ‘पहिली चाळीस पानं सोसा. मग हे पुस्तक तुम्हाला सोडायचं नाही.’ मागच्या गृहस्थांच्या हातातलं पुस्तक उलटून पाहतात, तारीखपट्टीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, ‘हे तुम्ही मागच्या वर्षीही नेलं होतंत. या वेळी पूर्ण करा.’ रांगेतली माणसं हसतात आणि क्लिप संपते.

क्लिप खरोखर गोड आहे. लोकांना ती आवडली यात नवल नव्हतं, आणि बातमी करायला हरकत होती असं मला आजही वाटत नाही.

आमच्याकडे तेव्हा ‘व्हायरल’ विभागात दोन जण असत. दोघंही नवे, आणि प्रत्येक शिफ्टला ठरावीक संख्येने बातम्या लावायच्या. त्यातल्या एका मुलाने क्लिप पाहिली, खालच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि पाऊण तासात कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तयार केली. मथळा असा होता: ‘चाळीस पानं सोसा! ग्रंथालयातल्या मावशी रातोरात बनल्या इंटरनेट स्टार, कोट्यवधी नेटकरी फिदा’. मी कॉपी वाचली, दोन ठिकाणचं शुद्धलेखन सुधारलं, एक परिच्छेद वर घेतला आणि पास केली. पुशही, म्हणजे वाचकांच्या मोबाइलवर झळकणारी सूचनाही, पाठवला. राजकारणाच्या बातमीत कुणावर साधा आरोप असता तरी मी विचारलं असतं, समोरच्याची बाजू घेतली का? इथे तो प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही, कारण बातमी कौतुकाची होती.

काय काय फुगलं

पुढे आम्ही ती कॉपी ओळीओळीने तपासली. एकही वाक्य ठरवून खोटं लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकाला कुठला तरी धागा होता आणि तो ताणलेला होता.

‘कोट्यवधी’पासून सुरुवात करतो. मूळ खात्यावर व्ह्यूज तीन लाखांच्या वर होते. समाजमाध्यमांवरच्या पाच-सहा पानांनी क्लिप उचलली होती, त्यांच्या आकड्यांची आमच्या मुलाने बेरीज केली. ती काही लाखांत गेली. त्याच विषयाचा हॅशटॅग चालवणाऱ्या इतर व्हिडिओंचे आकडेही त्यात मिळवल्यावर कोटी पार झाला. मथळ्यात ‘एक कोटी’चे ‘कोट्यवधी’ झाले आणि ‘व्ह्यूज’ची ‘माणसं’ झाली.

माझ्या मते सगळ्यात मोठी फसगत या शेवटच्या बदलात आहे. व्ह्यू म्हणजे माणूस नव्हे, आणि प्रत्येक ठिकाणी व्ह्यूची व्याख्याही एक नाही. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सची, म्हणजे छोट्या व्हिडिओंची, मोजणी बदलली. आता व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा पहिल्यापासून वाजला, की प्रत्येक वेळी एक व्ह्यू धरला जातो, किमान अमुक सेकंद पाहिलाच पाहिजे अशी अट नाही. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) डिसेंबर 2022 पासून पोस्टखाली दिसणारा आकडा पोस्ट कितीदा दिसली याचा आहे, त्यातला व्हिडिओ किती जणांनी पाहिला याचा नाही. फेसबुकला तर 2016 मध्ये कबूल करावं लागलं होतं, की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा ते जवळपास दोन वर्षं फुगवून दाखवत होते. तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणारे त्या सरासरीतून वगळले जात होते. अर्ध्या मिनिटाची क्लिप एकाने चारदा पाहिली, मग दुसऱ्या पानावर पुन्हा पाहिली. आमच्या बेरजेत तो एकटा पाच माणसं झाला होता.

‘रातोरात’ही खरं नव्हतं. क्लिप टाकून नऊ दिवस झाले होते. पहिले चार दिवस ती विद्यार्थ्याच्या मित्रमंडळींच्या पलीकडे गेली नव्हती.

‘ऑफर्सचा पाऊस’ हे आमच्या दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य. त्याचा उगम एका प्रतिक्रियेत होता. पुस्तकांवर चॅनल चालवणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘मॅडम, आमच्याकडे येऊन पुस्तकांवर बोलाल का?’ पाऊस म्हणावा असा तो एवढाच थेंब. त्याला जोडून आम्ही ‘आता त्यांचं आयुष्य बदलणार’ असंही लिहिलं. कमाईचा साधा हिशेबही कुणी केला नव्हता. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला खात्याला किमान 1,000 सबस्क्रायबर लागतात, आणि त्यासोबत बारा महिन्यांत 4,000 तास पाहिलं गेलेलं असावं लागतं किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. आणि जे काही मिळतं ते खातेदाराला. पडद्यावर जो दिसतो त्याला त्यातला रुपयासुद्धा आपोआप मिळत नाही. बाईंचं तर कुठेही खातंच नव्हतं.

मग ‘मावशी’. त्यांना मावशी कुणीच म्हटलं नव्हतं, क्लिपमध्येही नाही. काउंटरमागची पन्नाशीची बाई म्हणजे मावशी, हे आमच्या मुलाच्या मनात आपोआप आलं आणि माझ्या डोळ्यांना खटकलं नाही. त्या ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधर आहेत.

‘परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट सोडावं लागलं, पण वाचनाची जिद्द सोडली नाही.’ या वाक्याचा उगम शोधायला आम्हाला दोन तास लागले. एका बाईंची प्रतिक्रिया होती, ‘अगदी माझ्या आईसारख्या. शिक्षण अर्धवट राहिलं, पण पुस्तक हातातून सुटलं नाही.’ ती तिच्या आईबद्दल लिहीत होती. आमच्या मुलाने घाईत ते क्लिपमधल्या बाईंबद्दल समजलं, आणि अशा गोष्टीत हालअपेष्टा असायच्याच हे मनात पक्कं असल्यामुळे त्याला शंकाही आली नाही.

अडचण कशी समोर आली

बातमी जोरात चालली. दुसऱ्या दिवशी इतर साइट्सनी ती आमच्या हवाल्याने उचलली आणि प्रत्येकाने थोडी भर घातली. एका ठिकाणी ‘हजारो पुस्तकं तोंडपाठ’ आलं. दुसरीकडे प्रश्नचिन्ह लावून ‘नोकरी सोडणार?’ असा मथळा आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या नंबरवर बाईंचा फोन आला. मीच घेतला. त्या रागावल्या नव्हत्या, आवाज खालचा होता. नाव सांगितलं, क्लिपमधली ती मीच म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘तुम्ही माझं वाईट काहीच लिहिलेलं नाही हो. म्हणून तक्रार तरी कुणाकडे करू, तेच कळत नाहीये.’

इतक्या वर्षांच्या कामात इतकं नेमकं मला कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही. बदनामी झाली तर नोटीस पाठवता येते, खुलासा मागता येतो. स्तुती चुकीची झाली तर तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस कृतघ्न ठरतो.

मग त्यांनी एकेक सांगितलं. वरिष्ठांनी लेखी विचारलं होतं, की तुम्ही बाहेरचं काम घेताय का आणि राजीनाम्याची बातमी खरी का. दूरचे नातेवाईक ‘किती मिळाले?’ विचारत होते आणि नाही म्हटलं तर विश्वास ठेवत नव्हते. क्लिपमधलं चित्र लावून कुणीतरी त्यांच्या नावाने खातं उघडलं होतं आणि ‘ग्रंथालयासाठी मदत’ म्हणून पैसे मागत होतं. हे सगळं त्यांनी सरळ आवाजात सांगितलं. शेवटच्या गोष्टीला मात्र आवाज अडला. त्यांच्या थोरल्या भावाने स्वतःचं कॉलेज सोडून नोकरी धरली होती, ती यांची पदवी पूर्ण व्हावी म्हणून. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली. बहिणीने जगाला सांगितलं की माझं शिक्षण अर्धवट राहिलं, असं त्याने धरलं. ‘दोन दिवस फोन उचलत नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला काय सांगू, मी कुणाशी बोललेच नाही म्हणून?’

त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या हे अगदी खरं होतं. आम्ही त्यांना एकदाही फोन केला नव्हता. ग्रंथालयाचा नंबर दोन मिनिटांत मिळाला असता.

कोणते पर्याय पाहिले

त्या दुपारी चौघे बसलो: मी, बातमी लिहिणारा मुलगा, संपादक आणि समाजमाध्यमं सांभाळणारी सहकारी.

पहिली सूचना आली ती बातमीतले शब्द गुपचूप बदलण्याची. डिजिटलमध्ये हे फार सोपं असतं आणि खरं सांगायचं तर फार ठिकाणी चालतं. यात बाईंचा काही फायदा नव्हता. वरिष्ठांना दाखवायला किंवा भावाला पाठवायला त्यांच्या हाती काहीच आलं नसतं. उलट, कुणी जुना स्क्रीनशॉट पुढे केला असता तर त्याच खोट्या ठरल्या असत्या.

दुसरा पर्याय बातमी पूर्ण काढून टाकण्याचा. माझा कल आधी इकडेच होता. सहकारीने अडवलं. तिचं म्हणणं असं, की आपली बातमी गेली तरी आपल्या हवाल्याने केलेल्या दहा बातम्या राहतील, आणि मूळ चूक कुठे झाली हे सांगणारं एकही पान उरणार नाही. हे ऐकताना मला 2014 चा युरोपीय न्यायालयाचा निकाल आठवला. त्यात शोधयंत्राला एका व्यक्तीच्या नावाने येणारे जुने दुवे निकालांतून हटवायला लावता येतील असं ठरलं, पण वृत्तपत्राचं मूळ पान जागेवरच राहिलं. बातमी पुसणं आणि ती माणसाच्या नावाला चिकटू न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बातमीत नाव नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नाव पुढे दुसऱ्या साइट्सनी शोधून काढलं.

तिसरी सूचना संपादकांची: बाईंची मुलाखत घेऊ, त्यांची खरी गोष्ट सांगू. वरून हे अगदी न्याय्य वाटतं. पण त्याला उत्तर बातमी लिहिणाऱ्या मुलानेच दिलं, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. तो म्हणाला, ‘सर, आपण चूक केली आणि ती निस्तरायला त्यांनीच कॅमेऱ्यासमोर यायचं?’ त्याने अमेरिकेतली 2018 ची घटना काढली. विमानातल्या एका प्रवासी महिलेने पुढच्या सीटवरच्या दोन अनोळखी माणसांच्या संभाषणावर पोस्ट टाकत टाकत प्रेमकथा उभी केली, माध्यमांनी ती उचलून धरली आणि सगळ्यांना ती गोड वाटली. त्या जोडीतल्या महिलेला मात्र नंतर वकिलामार्फत निवेदन काढून सांगावं लागलं, की हे तिने मागितलं नव्हतं आणि लोक तिची ओळख शोधून तिला त्रास देत आहेत. पोस्ट टाकणारीने माफी मागितली. ती कथा घराघरात नेणाऱ्या माध्यमांपैकी किती जणांनी स्वतःकडे वळून पाहिलं, हा प्रश्न आमच्या टेबलावर बराच वेळ होता.

2014 मधलं दुसरं उदाहरण मी सांगितलं. दुकानात काउंटरवर काम करणाऱ्या एका किशोरवयीन मुलाचा फोटो पसरला आणि काही दिवसांत त्याचे फॉलोअर लाखांत गेले. एका मार्केटिंग कंपनीने हे आम्हीच घडवलं म्हणून श्रेय घेतलं, बऱ्याच ठिकाणी ते छापूनही आलं, आणि मग त्या मुलानेच आम्ही त्या कंपनीला ओळखत नाही म्हणून सांगितलं. त्याच सुमारास त्याला धमक्याही येत होत्या. बातम्यांमध्ये तो नशीबवान मुलगा होता.

चौथा पर्याय उरला. उघड दुरुस्ती: कुठलं वाक्य चुकलं, ते कुठून आलं होतं आणि खरं काय, हे स्पष्ट लिहायचं. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्सच्या आचारसंहितेत चूक तातडीने आणि ठळकपणे दुरुस्त करा, असं म्हटलं आहे. सार्वजनिक जीवनातल्या लोकांपेक्षा खाजगी माणसांचा स्वतःबद्दलच्या माहितीवर जास्त हक्क आहे, असंही ती म्हणते. ‘ठळकपणे’ या शब्दावर आमचा वाद झाला. बातमी पुशवर गेली होती, मग दुरुस्ती तळाशी बारीक अक्षरात कशी चालेल?

काय केलं

आधी बाईंना फोन केला आणि दुरुस्तीचा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी दोन बदल सांगितले. ‘पदवीधर’ नको, ‘पदवी पूर्ण केली आहे’ लिहा, म्हणाल्या. फरक काय, हे मी विचारलं नाही. त्यांना कुणापर्यंत काय पोहोचवायचं होतं ते मला कळलं होतं. दुसरा बदल: क्लिप काढणाऱ्या विद्यार्थ्यावर दोष येईल असं एकही वाक्य नको.

दुरुस्ती बातमीच्या सुरुवातीला टाकली. मथळा बदलून ‘ग्रंथालयातल्या क्लिपला मोठा प्रतिसाद’ एवढाच ठेवला. पुश पुन्हा पाठवला. आमच्या हवाल्याने बातमी केलेल्या साइट्सना एकेक करून मेल केले. बाईंच्या वरिष्ठांच्या नावे संपादकांच्या सहीचं पत्र दिलं: संबंधित कर्मचाऱ्याने आमच्याशी कोणताही संवाद साधलेला नव्हता आणि बातमीतली ऑफरसंबंधीची माहिती निराधार होती. बनावट खात्याची तक्रार त्यांच्याकडूनच जावी लागते, म्हणून आमच्या सहकारीने फोनवर बसून त्यांच्याकडून ती भरून घेतली.

तांत्रिक बाजूला जे निघालं ते सांगायला हवं, कारण ते आधी माहीत असतं तर पहिल्याच दिवशी जपून वागलो असतो. मथळा बदलला तरी बातमीच्या पत्त्यातले, म्हणजे यूआरएलमधले, शब्द तसेच राहिले. ‘रातोरात’ आणि ‘स्टार’ तिथे होतेच. पत्ता बदलून जुन्यावरून नव्याकडे वळवावा लागला. फेसबुकवर जुन्या मथळ्याचं कार्ड, म्हणजे दुव्यासोबत दिसणारा चित्र-मथळ्याचा चौकोन, दिसत राहिलं, ते त्यांच्या टूलमधून पुन्हा वाचायला लावावं लागलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवलेल्या संदेशांतलं कार्ड मात्र बदलत नाही. आणि पुश परत बोलावता येत नाही.

निष्पत्ती

दुरुस्ती मूळ बातमीच्या मानाने फारच कमी लोकांनी वाचली. मेल पाठवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी साइट्सनी बदल केले, दोघांनी उत्तर दिलं. ‘नोकरी सोडणार?’ हा मथळा आजही एका ठिकाणी आहे. बनावट खातं बंद व्हायला दीड आठवडा लागला. तोवर कुणी पैसे पाठवले का, हे कळायला मार्ग नव्हता.

पत्रामुळे ग्रंथालयातला प्रश्न मिटला. विद्यार्थ्याने बाईंना विचारून क्लिप काढून टाकली. बाई तिथेच काम करतात, पण काही महिने त्या शिक्का मारताना काही बोलत नव्हत्या. रांगेतले लोक मोबाइल धरून उभे राहतात आणि ‘ते चाळीस पानांचं म्हणा ना’ म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं.

भावाला त्यांनी दुरुस्तीची प्रिंट पोस्टाने पाठवली. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाच्या जागा मोजल्या तर तीन होत्या. कॉपी लिहिताना, पास करताना आणि पुश पाठवताना. तिन्ही ठिकाणी एक फोन पुरला असता. मुलाची चूक मोठी नव्हती असं मी म्हणणार नाही, पण त्याला शिफ्टमागे अमुक बातम्या हव्यात असं आम्हीच सांगितलं होतं, आणि फोन लावण्यात गेलेला वेळ आमच्या कोणत्याही तक्त्यात काम म्हणून दिसत नव्हता. आता दिसतो. सामान्य माणसावरच्या बातमीसाठी संख्येची अट काढली, हा माझ्या लेखी या प्रकरणातून निघालेला सगळ्यात उपयोगी बदल.

आकडा लिहायचा तर कुठल्या खात्यावरचा, कधी पाहिलेला, हे लिहायचं. बेरीज करायची नाही. ‘तीन लाखांहून अधिक व्ह्यूज’ हे वाक्य पुरेसं मोठं आहे. ‘नेटकरी’ हा शब्द आम्ही जवळपास सोडला, कारण त्याच्याआड चार प्रतिक्रियाही लपतात आणि चाळीस हजारही. प्रतिक्रियेतून उचललेली माहिती, मग ती कितीही हृदयाला भिडणारी असो, त्या माणसाने किंवा त्याच्या जवळच्याने दुजोरा दिल्याशिवाय जात नाही. हालअपेष्टांची माहिती असेल तर मी स्वतः विचारतो: हे त्यांना सांगायचं आहे का?

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. माणूस सापडलाच नाही तर? संपादकांचं म्हणणं, क्लिप सार्वजनिक आहे, तेवढ्यापुरतं लिहा. माझं म्हणणं, क्लिप दुसऱ्याने सार्वजनिक केली आहे. प्रत्येक वेळी वाद होतो आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा सुटतो.

मागच्या महिन्यात अशीच एक क्लिप आली. एका गृहस्थांची, तशीच गोड. आमच्या त्याच मुलाने संध्याकाळी तीनदा फोन लावला, उचलला गेला नाही. बातमी थांबवली. रात्रीपर्यंत ती इतर सगळीकडे लागली होती, ‘रातोरात’सकट. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गृहस्थांचा उलट फोन आला. मुलाने काय लिहायचं आहे ते सांगितलं. ते म्हणाले, नको. त्याने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.